लाईची बांधी

आश्विन उतरणीला लागला की मला एक वेगळीच भूक लागते. जेवणाची भूक बारा महिने असते आणि तिची सोयही होते. ही भूक दुपारी चारच्या सुमाराला काही कारण नसताना येते आणि फ्रीज उघडला तरी भागत नाही. फ्रीजमध्ये सगळं असतं. सुनेनं आणलेलं असतं, मुलानं मागवलेलं असतं. पण माझा हात जातो फ्रॉकच्या खिशाकडे. आता तो खिसा नाही, तो फ्रॉक नाही आणि फ्रॉक घालायचं वयही नाही. त्या खिशात लाई असायची.

पुस्तकात जिला साळीच्या लाह्या म्हणतात तीच ही. आम्ही भंडारा जिल्ह्यातली माणसं तिला लाई म्हणतो. गंगेला गंगा म्हणावं तसं, एकवचनी आणि आदरानं.

परवा नातीबरोबर नागपुरातल्या एका मोठ्या थेटरात गेले होते. तिनं बादलीभर मक्याच्या लाह्या घेतल्या आणि म्हणाली, "आजी, खा ना, आवडतील तुला." खाल्ल्या. वाईट नव्हत्या. पण मका फुलला यात कौतुक कसलं? मका फुलायला टपूनच बसलेला असतो. जरा ऊब लागली की फुलला. धानाचं तसं नाही. धान मानी असतो. त्याचा मान ठेवला तर फुलतो, नाही तर तापलेल्या वाळूत जळून जाईल पण तोंड उघडणार नाही. हे मी तिला मध्यंतरात समजावून सांगत होते. ती म्हणाली, "आजी, तुझं धानपुराण सुरू झालं." सुरू झालं तर झालं. पुराणात शेवटी देव जिंकतात. माझ्या पुराणात माझी मोठीमाय, म्हणजे थोरली काकू, जिंकते.

आमचं गाव तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाताना लागतं. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील, मी सहावी-सातवीत असेन. दिवाळीच्या आधी हलका, लवकर पिकणारा धान कापणीला यायचा आणि सगळ्या गावाची चाल बदलायची. खळी शेणानं सारवून लख्ख व्हायची. कापलेल्या धानाचे पुंजणे रचले जायचे, आणि त्या पुंजण्यांतून एक गरम, गोडसर वास यायचा. त्या वासानंच अर्धं पोट भरायचं आणि उरलेलं अर्धं जास्त खवळायचं. शाळेतून आल्यावर घरी दप्तर फेकायचं आणि खळ्यावर पळायचं. तिथं खायला काय मिळेल याचा नेम नसायचा, पण काही तरी मिळायचंच.

तलावावरची ढिवरीण, म्हणजे कोळीण, डोक्यावर उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन यायची. टोपलीवर पळसाची ओली पानं असायची. शिंगाडे काळेकुट्ट, दोन बाजूंना काटे. दातानं फोडले की आत पांढरा पिठूळ गर, आणि दिवसभर ओठ काळे. तुमसरच्या बाजाराच्या दिवशी मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, कागदाच्या पुड्यात गुडीशेव आणायचे. जाड बेसनाची शेव आणि तिच्यावर गुळाचा खरखरीत पाक. पुडा सुटला की गूळ खाली उरायचा आणि तो चाटताना वर्तमानपत्राची शाई जिभेवर यायची. आलूबोंडाही यायचा, पण सायकलवरून गावापर्यंत येईस्तोवर गारठून जायचा. गार आलूबोंड्याची चव ज्याला कळली त्याला गरम आलूबोंडा उगाच घाई करणारा वाटतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुढे ऐंशीच्या दशकात पिवळे पोंगे आले. पाचही बोटांत एकेक नळी घालायची आणि एकेक बोट खात सुटायचं. मी तेव्हा तुमसरच्या कॉलेजात होते, तरी बोटांत घालूनच खाल्ले. लाज कसली?

पण हे सगळं बाजारचं, विकतचं. लाई घरची होती. लाईत गूळ-दूध घातलं की सकाळची न्याहारी. कच्चं तेल, तिखट, मीठ, चिरलेला कांदा घातला की चार वाजताचा चिवडा. गुळाच्या पाकात वळली की लाडू. ताप आला तर दह्यात कालवून पथ्य. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर पहिला मान तिचा. आणि दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, घरोघर पाहुणे उतरले, की चहाबरोबर पुढे सरकवायला परातभर लाईचा चिवडा. त्या दिवसांत घराची पत पाहुण्याच्या हातातल्या चिवड्यावरून ठरायची, आणि आमच्या घराची पत गावात सगळ्यात कुरकुरीत होती.

ती लाई व्हायची सोनाबाईच्या भट्टीवर. दसरा झाला की शाळेमागच्या चिंचेखाली सोनाबाई तिची भट्टी मांडायची. बावनथडी नदीची वाळू चाळून चाळून रव्यासारखी केलेली. ती कढईत तापून काळी व्हायची, तिच्यात धान पडायचा, आणि सोनाबाईच्या हातातला झारा फिरायला लागायचा. जो तो आपल्या घरचे दाणे घेऊन यायचा. कोणी चणे, कोणी वाटाणे, कोणी मुरमुऱ्यांचा तांदूळ. भाजणावळ म्हणून त्यातलाच वाटा सोनाबाई ठेवून घ्यायची.

आणि एक रीत होती. कोणाच्याही दाण्याचा पहिला घाणा घरी न्यायचा नाही. तो भट्टीजवळ जो उभा असेल त्याचा. पोरं, म्हातारे, रस्त्यानं जाणारा वाटसरू, वैरीसुद्धा. सोनाबाई चाळणी पुढे करायची आणि म्हणायची, "घ्या बाप्पा, घ्या. पयला घाणा देवाचा, अन् देव काय सोता येते थोडी खावाले?" या रितीत पोरांची चंगळ होती आणि घरधनिणीची परीक्षा. दाणा कसा आहे ते पहिल्या घाण्यातच सगळ्या गावाला कळायचं. पहिला घाणा बिघडला तर तो लपवून घरी नेता येत नसे.

आता मोठ्याबाबांविषयी. मोठेबाबा वाईट नव्हते हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल. माणूस हिशोबी, हसरा आणि हट्टी. आमच्या भागात नवा धान आला तेव्हा गावात तो सगळ्यात आधी त्यांनीच लावला. बुटका, जाड लोंबीचा, वाऱ्यात न लोळणारा. त्याच्या आधी श्रावण-भादव्यात आमच्या घरी कण्यांची आंबील शिजत असे, आणि ती सगळ्यांना पुरावी म्हणून आई आणि मोठीमाय शेवटी बसत. नव्या धानानंतर बाराही महिने भात शिजू लागला. हे मी कधी विसरत नाही. मोठीमायही विसरली नव्हती. एकेका वर्षी एकेक बांधी, म्हणजे धानाचं खाचर, नव्या धानाखाली गेली आणि तिनं चकार शब्द काढला नाही.

शेवटी नाल्याकाठची एकच बांधी उरली. तिचं नाव डोबरी. दुपारच्या जेवणाच्या पंगतीएवढीच असेल जेमतेम, पण तिच्यात मोठीमाय लाईचा धान पेरायची. त्याला दुसरं नाव होतं की नाही ठाऊक नाही, आम्ही लाईचाच धान म्हणायचो. उंच, नाजूक, लालसर कुसळांचा, जरा वारा आला की आडवा होणारा. भातासाठी त्याचा काही उपयोग नव्हता. गावात बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला होता. लक्ष्मीपूजनासाठी बाया आमच्याकडूनच मूठमूठ लाई न्यायच्या.

त्या वर्षी खळ्यावर मोठेबाबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "वसंताची माय, पुढच्या साली डोबरीतही नवाच धान लावतो."

मोठीमाय धान पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. "अन् लाई?"

"लाई इकत आनू तुमसराहून. बजारात मिलते ना."

आता सूप थांबलं. "लक्ष्मीपुढं इकतची लाई ठेवू? अन् मंडईचे पाहुणे येतीन, त्याईले चाहासंगं काय वाढू, भात?"

"अवो, उलसीकशी बांधी. नवा धान लावला तं कोठी भरते. अन् तू तिच्यात फुलं उगवून रायली!"

मोठीमायनं सूप खाली ठेवलं. "माग मोडला तवा मी चूप रायली. मामाजी म्हणत, सूत गेलं तं जाऊ दे, जमीन हाये. आता त्या जमिनीतूनही एकेक जाऊन रायलं. हा धान एक साल पेरला नाई तं बियाणं संपते. मंग कोणाच्या घरून आनसान?"

हे मागाचं सांगायला हवं. आमचं घराणं मूळचं विणकरांचं. आजोबांनी, म्हणजे मोठीमायच्या मामाजींनी, माग मोडून नांगर धरला. समोरच्या खोलीत मागाचा खड्डा होता, त्यात विणकर पाय सोडून बसतो. तो मातीनं बुजवला होता, पण पक्का कधी बसला नाही. त्या जागी पाय जरा दबायचा आणि भर उन्हाळ्यातही तिथली जमीन गार लागायची. आम्ही पोरं दुपारी तिथंच लोळायचो.

मोठेबाबा म्हणाले, "धान खावाले असते, फुलवाले नाई."

"मंग असं करा ना जी," मोठीमाय म्हणाली. "तुमचा धान अन् माहा धान, दोन्ही सोनाबाईच्या भट्टीवर नेऊ. पयला घाणा गावापुढं. तुमचा माह्यासारखा फुलला तं डोबरी तुमची. मी तोंडातून शब्द काढनार नाई."

"अन् नाई फुलला तं?"

"तं डोबरीचं नाव काढाचं नाई. मी जित्ती हावो तवरक तं नाईच, अन् मेल्यावरही नाई."

मोठेबाबा हसले. "कबूल." खळ्यावर कापणीच्या बाया होत्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की धनत्रयोदशीच्या सकाळी भट्टीवर नवरा-बायकोचा सामना आहे. गावाला तेवढंच हवं होतं.

मग जे घडलं ते आमच्याच मुलखात घडू शकतं. मोठीमाय कापणीवर जायची, म्हणून तिनं निवडलेला लाईचा धान माझ्या आईच्या हवाली केला आणि म्हणाली, "शांता, याले जरासं ऊन दाखवजो." माझी आई मोहाडीची. तिच्या माहेरी तेव्हाही माग चालत होते. धानातलं तिला एकच ठाऊक होतं, आणि तेही बाबा तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला होते म्हणून. मिलवर धान ओला गेला की तांदळाची कणी होते, मिलवाला तोंड वाकडं करतो, म्हणून धान वाळवावा तो खणखणीत. झालं. आईनं तो धान चटईवर पसरला, रोज सकाळी उन्हात ओढला, पायानं फिरवला, कावळे हाकलले, माझ्यावर डाफरली. जाऊबाईची डोबरी आपल्या हातात आहे म्हणून तिनं जीव ओतून तो वाळवला. दाणा वाजायला लागला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी मोठीमाय नंबर लावायला भट्टीवर गेली. मी मागे होतेच. तिनं पदरातून मूठभर धान काढून दाखवला. सोनाबाईनं एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट आवाज झाला. तिनं दुसरा धरला. पुन्हा तसाच.

"बाई, हा तं मिलचा झाला," ती हळूच म्हणाली. "याचा तांदूळ चांदीवानी निंघन. पन लाई नाई होत याची. आतमंदी ओल पाहिजे, तं तो फुलते."

मोठीमाय तशीच घराकडे निघाली. तिच्या पावलांबरोबर चालणं मला जमेना. आई चुलीपुढे होती. सगळं ऐकल्यावर तिच्या हातातलं लाटणं तिथंच राहिलं.

"बाई," ती म्हणाली, "मी तुमची डोबरी घालवली."

"कोनं घालवली? सकाळ व्हाची हाये अजून," मोठीमाय म्हणाली. पण तिचा आवाज बसला होता. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज बसलेला ऐकला नव्हता. मला रडूच आलं. लाई मिळणार नाही म्हणून आलं की मोठीमायसाठी आलं, ते आता आठवत नाही. दोन्हीसाठी आलं असेल.

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग एकदम म्हणाली, "बाई, हिवाळ्यात सूत असंच कडकते. मागावर चढवलं की तटातट तुटते. मंग आमचे बाबा ओलं फडकं पिळून ताण्यावर पसरवत. सुताले पाणी पाजाचं नाई, दाखवाचं. ते आपल्या मनानं पिते."

मोठीमायनं तिच्याकडे पाहिलं. "धान पिईन?"

"माले धानातलं काय समजते?" आई म्हणाली. "पन सूतही शेतातूनच येते ना."

मग दोघी उठल्या. आईनं तिचं एक जुनं मऊ लुगडं भिजवून कचकचून पिळलं. धान कोरड्या फडक्यात सैल बांधला, टोपलीत ठेवला, वरून ते ओलसर लुगडं गुंडाळलं. टोपली ठेवायला गार जागा हवी होती. दोघींची नजर एकाच वेळी समोरच्या खोलीकडे गेली. त्या जुन्या मागाच्या खड्ड्यावर, जिथं पाय दबायचा तिथं, त्यांनी टोपली ठेवली. माग मोडून कैक वर्षं झाली होती, पण त्याची ओल तेवढी घरात राहिली होती. आता आठवलं की वाटतं, आजोबांनी तो खड्डा नीट बुजवला नाही हे किती बरं केलं.

सकाळी मोठेबाबा अंघोळीला निघाले आणि टोपलीपाशी थबकले. आता पंचाईत अशी की आई त्यांच्याशी बोलत नसे. ते तिचे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, आणि भासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेऊन दाराआड व्हायचं अशी आमच्याकडची चाल. दोघांमधला सगळा व्यवहार माझ्यामार्फत चालायचा. ते मला म्हणाले, खरं तर दाराला ऐकवलं, "काय वो पोरी, धानाले थंडी वाजून रायली का? लुगडं पांघरून निजला तो!"

दाराआडून आई म्हणाली, "सांग त्याईले, धान कडक झाला होता. ओल दाखवून रायलो."

"विचार तिले, हे कोण्या शास्त्रात हाये?"

"सांग, मोहाडीच्या."

मोठेबाबा मोठ्यानं हसले. आणि मग या हिशोबी, हट्टी माणसानं जे केलं त्यासाठी मी आजही त्यांना मनातल्या मनात हात जोडते. त्यांनी आपला पंचा ओला केला, पिळला आणि आपल्या नव्या धानाच्या पायलीवर घातला. मोठीमाय ते पाहत होती. ते म्हणाले, "मंग कोणी म्हणाले नको, बायकोनं लबाडी केली म्हून."

भट्टीवर ही गर्दी. सगळी शाळा आलेली, मास्तरही आलेले. ते म्हणे पोरांना हाकायला आले होते. सोनाबाईनं दोन्ही धानांतला एकेक दाणा दाढेखाली धरला. या वेळी कट्ट झालं नाही. तिनं मोठीमायकडे पाहिलं, वाळूवर पाण्याचा थेंब टाकून ताव पाहिला.

पहिला नंबर मोठ्याबाबांचा. धान पडला, झारा फिरला. एक फट्, जरा थांबून आणखी एक फट्. दाणे तडकत होते, तोंड उघडत होते आणि तिथंच थांबत होते. आमच्या शाळेतला एक मुलगा प्रश्न विचारला की तोंड उघडून असाच उभा राहायचा. काही थोडे फुलले, बाकीचे अर्धे तांदूळ, अर्धे टरफल. सोनाबाईनं चाळणी पुढे केली. रीत म्हणून सगळ्यांनी चिमूटभर घेतलं. एक म्हातारा चावता चावता म्हणाला, "पोट भरते जी, पाटील. मन नाई भरत." मोठेबाबा हातात पंचा घेऊन उभे होते.

मग मोठीमायचा धान. तिनं तो स्वतःच्या हातानं कढईत सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. वाळू नुसती काळी, गप्प. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ दिसत होते. आणि मग एकदम ताशा वाजावा तशी कढई वाजायला लागली. काळ्या वाळूतून पांढरं वर आलं आणि येतच राहिलं. कढई भरली, काठावरून उडायला लागलं, सोनाबाईच्या केसांत, तिच्या पदरात, मास्तरांच्या टोपीवर. ती झारा मारत होती आणि हसत होती, "अवो माय, थांब ना! अवो थांब!" पण लाई कोणाचं ऐकते? पोरांनी हवेतूनच झेलायला सुरुवात केली. गलका असा की रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबली आणि गाडीवान उतरून आला. त्यालाही मिळाली. पहिला घाणा देवाचा होता.

एक लाई उडून मोठ्याबाबांच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती उचलली, तोंडात टाकली. सगळा गाव बघत होता. त्यांनी सावकाश चावली, गिळली आणि म्हणाले, "भात माहा, लाई तुही. डोबरीचं नाव आता कोणी काढाचं नाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुह्या मायले सांग, मोहाडीचं शास्त्र खरं हाये."

आई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. तरी मी तिला सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. ती पदराआड हसत होती आणि डोळे पुसत होती.

भट्टीवरून लाई नेताना टोपलीवर फडकं टाकायची पद्धत होती. धूळ बसू नये म्हणून आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. त्या दिवशी आईनं फडकं पुढे केलं तर मोठीमायनं ते बाजूला सारलं. "दिसू दे," ती म्हणाली. "झाकाले काय चोरीचा माल हाये?" आणि डोक्यावर ती उघडी, शीग लागलेली पांढरी टोपली घेऊन ती निघाली. सरळ घरचा रस्ता सोडून पूर्ण गावातून फिरून गेली. मागे आई, मागे मी, मागे सगळी शाळा, आणि शेवटी मोठेबाबा, पोरांच्या खिशातली लाई मागून मागून खात. मोठ्या मिरवणुका मी पुढे पुष्कळ पाहिल्या. एवढ्या ऐटीची एकही नाही.

त्या दिवाळीला गावातल्या बाया मूठमूठ लाई न्यायला आल्या, तेव्हा मोठीमायनं प्रत्येकीला लाईबरोबर मूठभर धानही दिला. "माह्या एकलीच्या भरवशावर ठेवू नका," म्हणाली. जिंकलेल्या माणसानं असं वागावं.

आता दोघंही नाहीत. आईही गेली. सोनाबाईची भट्टी गेली, चिंच मात्र आहे. गावात दुकानं झाली आणि दुकानांवर रंगीत पाकिटांच्या माळा लोंबतात. वाईट वाटतं का? नाही वाटत. कारण एक गंमत झाली आहे. ज्या नव्या धानासाठी डोबरी मागितली होती, तो धान आज कोणाकडेच नाही. त्याच्यामागून दुसरा नवा आला, मग तिसरा, मग त्याहून नवा. त्या पहिल्याचं नावसुद्धा गावात कोणाला नीट आठवत नाही. त्यानं आम्हाला जेवू घातलं, म्हणून त्याची आठवण मी तरी ठेवते. पण लाईचा धान आहे. डोबरीत आहे, मोठीमायनं ज्यांना मूठ दिली त्यांच्यातल्या दोन-तीन घरांत आहे. वसंतादादाची सून तो पेरते. दादा फोनवर सांगतो, "हिले म्हटलं, कायले त्रास घेतं? तं मलेच म्हणते, तुमच्या मायनं जिंकलेली बांधी हाये, मी हारू का?" ही पोरगी मोठीमायला भेटलेलीही नाही.

या वर्षी तिनं एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती एक थैली पाठवली. लालसर कुसळांचा धान. नागपूरचं ऊन आणि बसचा प्रवास, दाणा दाढेखाली धरला तर कट्ट. मी हसले. आईच्या एका जुन्या सुती साडीचं फडकं मी जपून ठेवलं आहे, ते भिजवलं, पिळलं. सहाव्या मजल्यावर मागाचा खड्डा कुठून आणणार? न्हाणीघरातल्या फरशीवर थैली ठेवली. सून म्हणाली, "आई, हे काय?" म्हटलं, "पाणी दाखवतेय."

सकाळी लोखंडी कढईत बावनथडीचीच वाळू तापवली. तीही थैलीत आली होती, त्या पोरीला सगळं ठाऊक आहे. धान सोडला. क्षणभर काहीच नाही. नात कंटाळून मोबाइलकडे वळणार तोच कढई वाजली. गॅसच्या ओट्यावर, मिक्सरवर, नातीच्या केसांत, सगळीकडे पांढरं पांढरं. "आजी, आजी, थांबव ना!" ती ओरडत होती आणि दोन्ही हातांनी हवेतली लाई झेलत होती. शिकवावं लागलं नाही. मग तिनं परात ओढली. म्हटलं, "थांब. पहिला घाणा घरचा नसतो."

टोपली भरली, उचलली आणि लिफ्टकडे निघाले. खाली चौकीदार होता, भाजीवाला होता, शाळेच्या बसची वाट पाहणारी पोरं होती. मागून सून हातात नॅपकिन घेऊन धावत आली, "आई, झाकून न्या ना, धूळ बसेल."

मी टोपली डोक्यावर घेतली. म्हटलं, "दिसू दे."